पिराचं अंथरूण

१

गणिताच्या बाईनं लांबत्या कबरीचा गलेफ शिवावा, यावर आमच्या गावानं करायचे तेवढे विनोद करून झाले आहेत. मी ते मनावर घेत नाही. छत्तीस वर्षं मी शाळेत पोरांना अपूर्णांक शिकवले, आणि त्यातली एकोणीस वर्षं, दर वसंतात, नवरोजच्या आठवडाभर आधी पिराच्या गलेफाला वीतभर कापड जोडलं. काम सासूकडून आलं. दर्ग्याची पायाकडची भिंत आणि आमच्या मागच्या खोलीची भिंत एकच आहे, त्यामुळे ते पहिल्यापासून आमच्याच घराकडे.

कबर सव्वीस हातांची. पीर कोण, कुठला, कुणाला ठाऊक नाही. नावसुद्धा नाही, नुसतं पीरबाबा म्हणतात. बाबा आत झोपलेत आणि दर वर्षी वीतभर वाढतात, एवढंच लोकांना माहीत असतं आणि तेवढं त्यांना पुरतं. पार तेर्मिझ शहरापासून गाड्या भरून माणसं येतात, कबरीच्या डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवत चालतात, मग बाहेर तुतीखाली बसून नान आणि खरबूज खातात आणि आपापल्या घरी जातात.

बाबा का वाढतात ते मला ठाऊक होतं. तुरोब बोबो म्हणून आमचे मुजावर होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दर हिवाळ्यात बर्फानं रस्ता बंद झाला, की ते तीन दिवस दर्ग्याचं दार आतून लावून घ्यायचे. बाहेर यायचे तेव्हा कोपरापर्यंत चिखलानं माखलेले असायचे. तसेच माझ्या अंगणात येऊन चहा मागायचे आणि सांगायचे, "एक वीत, बाई." मी कापड कापायला घ्यायचे. विटा कुणी लावल्या हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळं गाव असंच एक डोळा मिटून होतं.

ते मला चिडवायचे, "लोक अंथरूण पाहून पाय पसरतात. आमचे बाबा आधी पाय पसरतात, अंथरूण मागून तुम्ही शिवता." आणि स्वतःच खूप हसायचे.

२

एकोणिसावी पट्टी जोडली त्या वर्षी पानगळीत तुरोब बोबोंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. हिवाळाभर दर्ग्याला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या फडताळात होती. म्हणजे यंदा कबर वाढायचं कारण नव्हतं. मी नवीन कापड आणलंच नाही, जुना गलेफ धुतला, वाळवला आणि सुनेला घेऊन दर्ग्यात गेले.

सून म्हणजे नझोकत. तिचा नववा महिना भरत आला होता. माझा मुलगा शुहरत रशियात बांधकामावर, वर्षातून एकदा येणारा. घरात आम्ही दोघीच.

आम्ही डोक्याकडून गलेफ पसरत नेला. पायाशी पोचलो तर कबर दोन वीत उघडी राहिली.

नझोकत म्हणाली, धुण्यात आटला असेल. मलाही तेच वाटलं. मग मी जोडलेल्या पट्ट्यांवर एकेक वीत ठेवून पाहिली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. एकोणीसच्या एकोणीस बरोबर भरल्या. कापड आटलं असतं तर पट्ट्याही आटल्या असत्या.

गेल्या वर्षीपर्यंत कबरीचा पायथा आणि भिंत यांच्यामध्ये अडीच वीत जागा होती. भाविक पोट आत घेऊन तिथून आडवे सरकत. आता तिथून झाडू जेमतेम जात होता. मी स्वतःला म्हटलं, कुणीतरी आगाऊपणा करून विटा लावल्यात. पण तुरोब बोबोंची एक सवय होती. काम झालं की पायथ्याच्या ओल्या गिलाव्यावर ते आपला पंजा उमटवायचे. मी फटीत हात घालून चाचपलं. पंजा होता. वाळलेला, कडा झिजलेल्या, गेल्या वर्षीचाच. पायथ्याशी नवी वीट लागलेली नव्हती.

डोक्याकडचा दगड तर हललाच नसता, तो जमिनीत रुतलेला आहे. मग मी बाजू पाहिल्या. मधल्या भागापासून पायापर्यंत गिलाव्यावर बारीक आडव्या भेगा होत्या, शेकड्यांनी. नझोकतच्या पोटावर तेव्हा जशा रेघा उमटल्या होत्या, तशा. तीही त्याच बघत होती, एक हात पोटावर ठेवून.

"थंडीनं गिलावा तडकतो," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली. सून म्हणून ती चांगली आहे, पटलं नाही तरी मान डोलावते.

३

मी तुरोब बोबोंकडे गेले. ते शेगडीजवळ पडून होते, तोंड एका बाजूला ओढलेलं. त्यांची मुलगी चहा घेऊन आली. ती एका पायानं अधू, लहानपणापासून लंगडते. ती बाहेर गेल्यावर मी त्यांना छेडलं, की पडल्या पडल्या विटा कुणाकडून लावून घेतल्यात?

ते शब्द चावत चावत म्हणाले, "किती?"

"दोन वीत."

"म्हणजे माझा हिशेब बरोबर होता." त्यांनी डोळे मिटले. "मी विटा लावत नव्हतो, बाई. काढत होतो."

पुढचं त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. बाबा वर्षाला दोन वीत पाय पसरतात, आणि एखाद्या हिवाळ्यात अडवलं नाही तर मग झपाट्यानं पसरतात. हिवाळ्यात दार लावून तुरोब बोबो पायाकडच्या बाजूच्या चार विटा काढत, हात आत घालत, तळव्याला हात लावून सांगत, बाबा, पाय घ्या. मग बाबा वीतभर पाय आखडून घेत. विटा परत लावायच्या, गिलावा करायचा, संपलं. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं होतं.

मला राग आला. ज्या माणसाच्या लबाडीवर मी एकोणीस वर्षं प्रेमानं पांघरूण घातलं, तो आता मलाच भाविकांच्या रांगेत उभं करत होता. मग वाटलं, आजारी माणूस आहे. झटक्यानं डोक्यावर परिणाम होतो, हे मी दुसऱ्यांच्याही घरी पाहिलेलं आहे.

"सुनेला त्या खोलीतून हलवा," ते म्हणाले.

मी म्हटलं, घरात शेगडीची तेवढी एकच खोली आहे.

"मग तुम्ही जाऊन सांगा. माझा हात गेला." डाव्या हातानं त्यांनी आपला उजवा हात उचलला आणि रजईवर टाकला. "आत बघू नका. आणि गोडीनं सांगा. म्हातारं माणूस आहे, दरडावलेलं कुणाला आवडतं."

आणखी काहीतरी सांगत होते, पण जीभ वळेना. मी त्यांच्या तोंडाला लागलेली लाळ पुसली आणि घरी आले.

४

नझोकतला मुलगी झाली. एक्कावन्न सेंटिमीटर लांब, रंगानं आईसारखी, आवाजानं माझ्यासारखी. नाव हिलोला. जिल्ह्याच्या इस्पितळातून आम्ही तिला मागच्या खोलीत आणलं आणि चिल्ला सुरू झाला. चाळीस दिवस बाळ-बाळंतीण त्या खोलीतून हलवायची नाही, एकटी सोडायची नाही, उशाखाली नानचा तुकडा आणि सुरी ठेवायची. हे सगळं मी शाळेत थोतांड म्हणून सांगत आले आणि घरी मुकाट्यानं केलं. शेजारणींची तोंडं कोण धरणार?

चार पायांचा लाकडी पाळणा दर्ग्याकडच्या भिंतीला लावून ठेवला होता. आमच्याकडे तान्ह्या बाळाला पाळण्यात उताणं निजवून, पाय सरळ करून पट्ट्यांनी बांधतात. बाळ शांत झोपतं, हाडं सरळ राहतात.

नवव्या दिवशी नझोकतनं विचारलं, पाळणा तुम्ही सरकवलात का. भिंतीपासून तो चार बोटं दूर होता. मी म्हटलं, जमिनीला उतार असेल. तिच्यासमोर जमिनीवर एक अक्रोड ठेवला. अक्रोड जागचा हलला नाही. तो मी उचलून खाऊन टाकला आणि पाळणा परत भिंतीला लावला, त्याच्या पायांभोवती खडूनं रेघ मारली. तेराव्या दिवशी पाळणा रेघेच्या बाहेर होता.

मग भिंत दिसली. पाळण्याच्या मागे, घोट्याच्या उंचीवर, गिलाव्याला दोन फुगवटे आले होते, शेजारी शेजारी. रजई ओढून कुणी उताणं झोपलं की पायांकडे जसं दिसतं तसं. मी त्यावर हात फिरवला. ओल असती तर हाताला लागली असती. भिंत कोरडी होती.

आवाज एकदाच आला, भर दुपारी. मी तांदूळ निवडत होते. बराच वेळ मांडी घालून बसलेला माणूस पाय मोकळे करतो तेव्हा गुडघा वाजतो, तेवढाच. भिंतीतून आला. नझोकतनं माझ्याकडे पाहिलं.

"आई, आपण पुढच्या खोलीत जाऊया."

"चिल्ल्यात? आणि डोंगरातल्या रात्री, तिथल्या गारठ्यात पोर काकडेल त्याचं काय?"

गारठा होता हे खरं, आणि लोकांनी नावं ठेवली असती हेही खरं. पण मी अडून बसले ते त्यासाठी नाही. खोली बदलली असती तर तुरोब बोबो खरं बोलले असं ठरलं असतं, आणि छत्तीस वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या बाईला ते जड गेलं. माझ्या हेकटपणाचा मला आज जेवढा संताप येतो तेवढा दुसऱ्या कशाचाही येत नाही.

बाविसाव्या दिवशी मी अंगणातून आत आले तर नझोकत पाळणा दोन्ही हातांनी भिंतीकडे रेटून धरून बसली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाळ झोपलेलं होतं.

मी फडताळातून किल्ली काढली.

५

शुक्रवार होता. पुरुषमाणसं मशिदीत दुपारच्या नमाजाला गेली होती. मी पटाशी आणि हातोडी घेऊन दर्ग्यात शिरले, आतून कडी लावली.

पायथा आता भिंतीला टेकला होता. बाजूच्या चार विटा कुठल्या हे शोधावं लागलं नाही. त्यांच्याभोवतीचा गिलावा इतरांपेक्षा नवा होता, पुन्हा पुन्हा केलेला. मातीत बसवलेल्या विटा, हलक्या हातानं सुटल्या. मागे भरीची माती असायला हवी होती. तिथे पोकळी होती, आणि सगळा दर्गा गार असताना ती गार नव्हती.

बघू नका म्हणाले होते. बघायला उजेडही नव्हता. मी बाही वर केली आणि हात आत घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. बोटांना आधी काहीच लागेना. मला हायसं वाटलं. अगदी खरं सांगते, त्या क्षणी मी मनातल्या मनात तुरोब बोबोंची हजेरी घेत होते.

मग तळवा लागला.

माझ्या दोन पंजांएवढा रुंद होता आणि ऊबदार होता. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा दोन वर्षं मी तिचे पाय धुतले आहेत, म्हाताऱ्या माणसाचा तळवा मला ठाऊक आहे. या टाचेला भेग नव्हती, घट्टा नव्हता. बोटांखालची कातडी मऊ होती, आठ दिवसांच्या बाळाची असते तशी. हा पाय कधी जमिनीला टेकलेलाच नव्हता.

मला गोडीनं बोलायचं होतं. पण भीती वाटली की माझा आवाज वर्गातला होतो.

"पाय जवळ घ्या," मी म्हणाले.

तळवा माझ्या हाताखालून सरकला. हळू, न कुरकुरता. वीतभर गेला आणि थांबला.

"अजून."

तो आणखी गेला.

"अजून. तिथे माझी नात आहे."

छत्तीस वर्षांत एवढं शहाणं पोर मला मिळालं नव्हतं. हात पोचेना तेव्हा मी बाहेर काढला. विटांच्या भोकातून आत थोडा उजेड पडला होता आणि त्यात टाच दिसली, वळून आत जाताना, डोळा लवायच्या आत गेलेली. गुलाबी होती.

मी विटा लावल्या, चिखल कालवला आणि गिलावा केला. घरी आले तर भिंत सपाट झाली होती. नझोकत माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. त्या दुपारी आम्ही दोघींनी पोटभर पुलाव खाल्ला.

६

संध्याकाळी बाळाला पाळण्यात बांधायला घेतलं तर पाय सरळ होईनात. गुडघे पोटाशी घेतलेले. तान्ही मुलं असे घेतातच. मी जरा दाबून पाहिलं.

"जोर नका लावू, आई. दुखतंय तिला."

दुसऱ्या दिवशी तेच. चिल्ला संपल्यावर दवाखान्यातली नर्स आली, तिनं प्रयत्न केला. मग तेर्मिझचे डॉक्टर, मग ताश्कंदचे. हाडं चांगली, सांधे चांगले, नसा चांगल्या. ताश्कंदच्या डॉक्टरीणबाई स्वभावानं भल्या. त्यांनी फोटो उजेडावर धरून मला दाखवले आणि म्हणाल्या, "यात काहीच बिघाड नाही. तिचे पाय उघडत का नाहीत, ते मला माहीत नाही."

तुरोब बोबो त्या उन्हाळ्यात वारले. त्याआधी मी एकदा त्यांना भेटले आणि काम केल्याचं सांगितलं. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली, किती, म्हणून.

"दोन्ही वीत," मी म्हणाले. "वर आणखीही घेतले. माझं ऐकतात."

मला शाबासकी हवी होती. त्यांनी ताणलेली बोटं हळूहळू मिटली.

"एकच मागायची होती, बाई," ते म्हणाले. "सांगितलं नाही का मी?" मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं, आणि मी किती विचारलं तरी इकडे वळले नाहीत.

७

चार हिवाळे मी दर्ग्याचं दार आतून लावून घेतलं. चारही वेळा बाबांनी माझं ऐकलं. एकच वीत मागायची, हे मला आता माहीत होतं. पण हात आत गेला की भिंतीपलीकडची खोली डोळ्यांसमोर यायची आणि तोंडातून 'अजून' निघून जायचं. कबर लांबायची थांबली, उलट गलेफाच्या पट्ट्या मला उसवाव्या लागल्या. भाविक कुरकुरले, गाड्या कमी झाल्या.

हिलोला मोठी होत होती. हातांवर जोर देऊन रजईच्या तुकड्यावरून सरकायची आणि दिवसभर बडबडायची. मला म्हणायची, "आजी, तू चालतेस तेव्हा बदकासारखी दिसतेस." शाळेतला लाकडी कोनमापक मी घरी आणला होता. दर नवरोजला तिच्या गुडघ्याचा कोन मोजायचे. सत्तर अंश. बावन्न. चाळीस. एकतीस.

कबरीची लांबी आणि गुडघ्याचा कोन एकाच वहीत होते, समोरासमोरच्या पानांवर. असे आकडे देऊन मी पोरांना आलेख काढायला लावायचे. स्वतः काढला नाही.

पाचव्या हिवाळ्यात विहिरीपाशी बर्फावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. दर्ग्यात जाणं झालं नाही. माघात एका सकाळी नझोकत तिला न्हाऊ घालत होती, तिनं मला जोरात हाक मारली. हिलोलाचे पाय परातीच्या काठाबाहेर आले होते. मी डाव्या हातानं कोन मोजला. पासष्ट. पंधरा दिवसांनी शंभर. नवरोजच्या दिवशी ती तुतीच्या खोडाला धरून उभी राहिली, आणि एवढी उंच आहे हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मी परसात जाऊन बसले. तुरोब बोबोंची लंगडी मुलगी आठवली. चार वर्षं, दर हिवाळ्यात, खांद्यापर्यंत हात घालून मी कुणाचे पाय मागत होते ते मला कळलं. बुद्धीला पटलं का, ते विचारू नका. मला एवढं रडू आलं की शेजारीण कुंपणावरून डोकावली.

घरात आले तर नझोकत मागच्या खोलीच्या दारात उभी होती. तिला मी कधीच काही सांगितलं नव्हतं. चार वर्षं आखडलेले पाय एका हिवाळ्यात सुटले होते; भिंतीवर फुगवटे परत आले होते आणि एका जागी गिलावा गळून पडला होता.

"आई, मी अंथरुणं पुढच्या खोलीत नेली," ती म्हणाली. "ही त्यांना देऊन टाकू. पसरू देत किती पसरायचंय ते."

"आणि मग ही पुरली नाही तर?"

"मग पुढचीही देऊ. माझी पोर चालायला हवी."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तेवढी अक्कल मला पाच वर्षांत सुचली नव्हती.

८

वैशाखापर्यंत ते भिंतीतून आत आले. काय आलं, ते आम्ही नीट पाहिलं नाही. गिलावा पडायला लागला त्याच दिवशी मी आणि नझोकतनं तोंड फिरवून त्यावर जाड रजई टाकली, मग दुसरी, मग उसवलेल्या पट्ट्या. रजयांखाली दोन लांब उंचवटे होते. ते दर आठवड्याला थोडे पुढे यायचे आणि आम्ही पांघरूण पुढे ओढायचो. म्हाताऱ्या माणसाचं करावं तसं करत होतो. खोलीला बाहेरून कडी. हिलोलाला सांगितलं होतं, तिथे पीरबाबा झोपलेत, त्यांना उठवायचं नाही.

ती आता धावायची. दिवसातून दहा वेळा पडायची आणि आम्ही दोघी तिचं पडणं बघून हसायचो. नझोकतनं ही बातमी शुहरतला फोनवर सांगितली नाही, नुसतं म्हणाली, ये. तो चार वर्षांत आला नव्हता. मुलीला कडेवर घेऊन फोनच्या पडद्यात दाखवली, की तो दुसरीकडे बघायचा.

तो यायचा त्या दिवशी मी सकाळपासून तंदूरपाशी होते. नझोकत नवा झगा घालून दारापाशी आत-बाहेर करत होती. मधे ती मागच्या खोलीत पांघरूण नीट करून आली. तिचं लक्ष रस्त्याकडे होतं. कडी लावायची राहिली.

रस्ता दिसतो तो त्याच खोलीच्या खिडकीतून. हिलोलाला ते ठाऊक होतं.

मी नानची थाळी घेऊन आत आले तेव्हा ते दार उघडं दिसलं. हिलोला खोलीच्या मधोमध उभी होती, पाठमोरी, लाल फ्रॉकमध्ये, दोन्ही पायांवर ताठ. खिडकी पलीकडच्या बाजूला. मधे रजया आडव्या पसरलेल्या, या भिंतीपासून जवळपास त्या भिंतीपर्यंत. आमच्याकडे झोपलेल्या माणसाचे पाय कुणी ओलांडत नाही, वडीलधाऱ्याचे तर नाहीच. कुणाला पाय मधे आले तर अदबीनं सांगायचं. नातीला हे मी शिकवलं होतं, ती सरकत होती तेव्हापासून. ओलांडायची वेळ तिच्यावर कधी येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मी दारातच थांबले. थाळी हातातच होती.

ती वाकली. रजईच्या टोकाखाली हात घातला, तळव्याला लावला आणि हसली, कारण तो मऊ लागला असावा.

"पीरबाबा, पाय घ्या ना जरा," ती म्हणाली. "माझे पप्पा येतायत."

रजया सरकल्या. हळूहळू, भिंतीच्या दिशेनं. ती हात न काढता त्यांच्याबरोबर दोन पावलं गेली.

"अजून," ती म्हणाली, अगदी माझ्या सुरात. कुठून शिकली, देव जाणे. तिच्यासमोर मी तो शब्द कधीच बोलले नव्हते.

मी थाळी टाकून धावले. खोली मोकळी झाली होती, पांघरुणं भिंतीतल्या भोकाशी चुरगळून पडली होती, आणि ती त्यांच्यापाशी खाली बसली होती. घाबरलेली नव्हती. खिडकीखाली गाडी थांबल्याचा आवाज आला, नझोकतच्या चपला वाजल्या, फाटक उघडलं.

"ऐकलं त्यांनी, आजी," हिलोला म्हणाली आणि तिनं हात वर केले.

मी तिला उचललं. गुडघे छातीशी घेऊनच ती वर आली. मी दोन्ही हातांनी ते खाली ओढून पाहिले, मग तिचा फ्रॉक त्यांच्यावर घेतला, मग पुन्हा ओढून पाहिले. नझोकत बाहेर हसत कुणाला तरी सांगत होती, आत जाऊ नको, तिथेच थांब, ती येईल.

मी वळले तेव्हा शुहरत अंगणात उंबऱ्याच्या पलीकडे गुडघ्यांवर बसला होता, हात पसरून, ती चालत येईल म्हणून.